‘तुमचा लेख खूप आवडला, फक्त एक लिंक द्याल का?’ : मागून मिळवलेल्या संदर्भांचा छोटा इतिहास

मागच्या पावसाळ्यात मला एक मेल आला. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, तुमच्या पानावरची एक लिंक तुटली आहे. आतला मजकूर साधारण असा: मी तुमची नियमित वाचक आहे, जुन्या जनगणना अहवालांवरचा तुमचा लेख फार उपयोगी पडला, पण त्यातली अमुक लिंक उघडत नाही, आमच्याकडे त्याच विषयावर एक नवं पान आहे, ते तिथे देता येईल का? मी तपासलं. लिंक खरंच तुटली होती. नवं पान उघडलं, वरवर बरं वाटलं. आभार मानले आणि लिंक बदलून टाकली. पाच मिनिटांचं काम.

चार महिन्यांनी विभागातल्या एका ज्युनिअरचा फोन आला. “ताई, तुमच्या लेखातून जे पान मिळालं ना, त्यातला एक आकडा मी सिनॉप्सिसमध्ये घातलाय. सर विचारतायत, मूळ अहवालात हा कुठे आहे?” मी लिंक उघडली तर तिथे झटपट कर्जाची जाहिरात. इंटरनेट अर्काइव्हवर त्या पानाची जुनी प्रत सापडली. आकडा त्यात होता, पण तो कुठून आला याचा पत्ता नव्हता. शेवटी ग्रंथालयात जाऊन छापील अहवाल काढला. आकडा वेगळाच निघाला.

चूक त्या मुलाची होती का? थोडी होती, मूळ साधन बघायला हवं होतं. पण मोठी चूक माझी. माझ्या लेखात लिंक आहे म्हणजे ताईंनी ते पान वाचून, पारखून दिलं असणार, असं त्याने धरलं. आणि तसं धरणं चुकीचं नाही. संदर्भ देण्याचा अर्थच तो असतो.

माझा पीएचडीचा विषय संदर्भपद्धतींचा इतिहास आहे, त्यामुळे हा प्रकार जरा जास्तच झोंबला. मग मी त्या मेलच्या मागे लागले. कळलं ते असं: मला आलेला मेल हा जवळजवळ तीस वर्षांच्या एका धंद्याचा अगदी किरकोळ माल होता. या धंद्याला ‘लिंक बिल्डिंग’ म्हणतात आणि त्यासाठी अनोळखी लोकांना मेल पाठवण्याला ‘आउटरीच’. आजचा लेख त्याच्या इतिहासावर. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा इतिहास का वाचावा, ते शेवटी सांगते.

लिंकला किंमत आली कुठून?

गोष्ट सुरू होते इंटरनेटच्या खूप आधी. 1873 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने वकिलांसाठी एक सोय काढली. एखाद्या निकालाचा उल्लेख पुढच्या कोणकोणत्या निकालांत आला, तो मान्य झाला की फिरवला गेला, याची यादी. वकिलाला जुना निकाल कोर्टात दाखवण्याआधी तो अजून ‘जिवंत’ आहे का, हे त्यातून कळायचं.

आता 1953 मध्ये या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या वेल्च वैद्यकीय ग्रंथालयात शास्त्रीय लेखांची सूची यंत्राने कशी करता येईल यावर एक प्रकल्प चालू होता. त्या प्रकल्पाकडे एक पत्र आलं. पाठवणारे विल्यम अडेअर, शेपर्डच्या कंपनीतून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांनी प्रकल्पाबद्दल वाचलं होतं आणि वकिलांकडची ही पद्धत विज्ञानालाही लावता येईल, असं त्यांना सुचवायचं होतं. त्या प्रकल्पात काम करणाऱ्या युजीन गारफील्ड या तरुणाने ही कल्पना उचलून धरली. 1955 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा सायटेशन इंडेक्सवरचा लेख आला आणि 1960 च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात उतरला. आज आपण ज्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या नावाने बोटं मोडतो, त्याचं मूळ इथे आहे.

अडेअर यांचं ते पत्र लक्षात ठेवा. अनोळखी माणसाने, कुणी न मागता पाठवलेलं पत्र होतं ते. म्हणजे आजच्या भाषेत आउटरीचच. पण त्यात पाठवणाऱ्याला विषय माहीत होता, समोरचा काय करतोय हे त्याने वाचलं होतं आणि त्याच्याकडे देण्यासारखं काहीतरी खरं होतं. पुढच्या सगळ्या पत्रांना आपण याच मापाने मोजणार आहोत.

“त्याला पैसे पडतात, म्हणून ते आटोक्यात राहील”

1996 च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज हा पीएचडीचा विद्यार्थी वेबवरच्या लिंका मोजत होता. त्या प्रकल्पाचं नाव बॅकरब. कल्पना गारफील्डच्याच घराण्यातली: जसं एका शोधनिबंधाने दुसऱ्याचा संदर्भ दिला की ती एक पावती असते, तसंच एका पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली की ते एक मत. आणि वजनदार पानाचं मत जास्त वजनाचं. सर्गेई ब्रिनबरोबर त्याने हे गणित शोधयंत्रात बसवलं. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन इथल्या वर्ल्ड वाइड वेब परिषदेत त्यांनी त्यावर निबंध वाचला. या गणिताचं नाव पेजरँक, आणि त्या शोधयंत्राचं नाव तुम्हाला माहीतच आहे.

इथे संशोधक म्हणून एक जागा नीट बघण्यासारखी आहे. पेजरँकवर त्याच काळात स्टॅनफर्डमधून एक तांत्रिक अहवालही निघाला. त्यात एका विशिष्ट प्रकारच्या पेजरँकबद्दल लेखक म्हणतात की व्यापारी हितसंबंधांना यात लबाडी करणं जवळपास अशक्य आहे. फार तर लोक महत्त्वाच्या साइटवर लिंका विकत घेतील. पण त्याला पैसे पडतात, म्हणून ते आटोक्यात राहील.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग वाटलं, हसण्यासारखं काय आहे? 1998 चं वेब बघता अंदाज वाजवी होता. लिंका देणारे लोक तेव्हा लिंकला मत समजत नव्हते, ते फक्त आवडलेलं पान दाखवत होते. म्हणून तर ती मतं मोजण्यालायक होती. लोकांना कळलं की आपण मोजले जातोय, आणि मोजमाप बदललं.

याला आपल्याकडे समाजशास्त्राच्या वर्गात ‘गुडहार्टचा नियम’ म्हणून शिकवतात. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल ते म्हटलं होतं. 1997 मध्ये मॅरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी विद्यापीठांच्या मूल्यमापनावर लिहिताना त्याला सुटसुटीत रूप दिलं. मतितार्थ एवढाच: मोजमापच उद्दिष्ट झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही.

सभ्य पत्रांचा काळ

गंमत म्हणजे लिंक मागणारी पत्रं गूगलच्या आधीपासून होती, आणि ती चांगली होती. 1994 मध्ये वेब इतकं लहान होतं की नवीन साइट निघाली हे लोकांना कळवावं लागायचं. एरिक वॉर्ड हा अमेरिकन माणूस तेच काम करायचा. अमुक विषयाच्या याद्या कोण सांभाळतं, कोणाला या साइटमध्ये खरंच रस असेल हे शोधायचं आणि त्या माणसाला वेगळं पत्र लिहायचं. सुरुवातीच्या अ‍ॅमेझॉनसाठीही त्याने काम केलं. तेव्हा लिंकचा उपयोग एकच होता: त्यावर टिचकी मारून कुणीतरी यावं. त्यामुळे भलत्याच पानावर लिंक मिळवून काही फायदाच नव्हता.

याहूची डिरेक्टरी, 1998 मध्ये सुरू झालेली आणि स्वयंसेवक संपादकांनी चालवलेली डीमॉझ, या सगळ्यांत माणूस बसून ठरवायचा की हे पान यादीत घ्यायचं की नाही. मागणारा विनंती करायचा, संपादक वाचायचा, हो किंवा नाही म्हणायचा. व्यवहार हळू होता, पण दोन्ही बाजूंना माणूस होता.

हिरवी पट्टी

डिसेंबर 2000 मध्ये गूगलने ब्राउझरसाठी टूलबार आणला. त्यात कुठल्याही पानाचा पेजरँक 0 ते 10 मध्ये एका छोट्या हिरव्या पट्टीत दिसायचा. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हे आहे. तोवर गणित आत होतं. आता प्रत्येक पानाच्या कपाळावर भाव लिहिला गेला. 7 वाल्या पानावरची लिंक 3 वाल्यापेक्षा महाग, हे कुणालाही कळू लागलं. आणि भाव दिसला की बाजार भरतोच.

बाजार किती लवकर भरला ते एका खटल्यावरून दिसतं. ओक्लाहोमातल्या सर्चकिंग या कंपनीने पेजरँकच्या आधारावर लिंका मिळवून देण्याचा धंदा काढला होता. 2002 मध्ये तिचा पेजरँक घसरला आणि कंपनी गूगलविरुद्ध कोर्टात गेली. 2003 मध्ये कोर्टाने गूगलच्या बाजूने निकाल दिला: पेजरँक हे गूगलचं मत आहे आणि मत मांडण्याला घटनेचं संरक्षण आहे. म्हणजे मतं मोजणारं यंत्रही कायद्याच्या नजरेत शेवटी मतच ठरलं. यावर कुणीतरी कायद्याच्या विद्यार्थ्याने चांगला प्रबंध लिहावा.

याच सुमारास मेलची भाषा बदलली. “आमची साइट तुमच्या वाचकांना आवडेल” याऐवजी “आम्ही तुम्हाला लिंक देतो, तुम्ही आम्हाला द्या”. दंतवैद्याच्या साइटवर टायरच्या दुकानाची लिंक, टायरच्या साइटवर हॉटेलची. लोकांच्या लेखांखालच्या प्रतिक्रियांत यंत्राने लिंका टाकण्याचा उच्छाद तर इतका झाला की जानेवारी 2005 मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टचं एमएसएन यांनी मिळून ‘नोफॉलो’ ही खूण आणली. लिंक दिसेल, उघडेल, पण मत म्हणून धरू नये, असं यंत्राला सांगणारी खूण. 2019 मध्ये पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकसाठी ‘यूजीसी’ अशा दोन खुणा वाढल्या. हे यूजीसी वेगळं बरं का, आपली फेलोशिप देणारं नाही. ‘युजर जनरेटेड कंटेंट’चं ते लघुरूप.

2011: दुकान आणि विद्यापीठ

फेब्रुवारी 2011 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक मोठी बातमी छापली. जे. सी. पेनी हे अमेरिकेतलं जुनं डिपार्टमेंट स्टोअर. सणासुदीच्या काळात कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधा, पेनी सगळ्यात वर. सॅम्सोनाइटची बॅग शोधली तर खुद्द सॅम्सोनाइटच्याही वर पेनी! वर्तमानपत्राने तज्ज्ञाकडून तपासून घेतलं तर दोन हजारांहून जास्त पानांवर पेनीच्या लिंका पेरलेल्या होत्या, त्यातली बरीच पानं कपड्यांशी संबंधच नसलेली. गूगलने कारवाई केली आणि काही तासांत तो बॅगेचा पहिला क्रमांक 71 वर गेला. आपल्याला हे माहीत नव्हतं असं पेनीने सांगितलं आणि ते काम करणाऱ्या एजन्सीला काढून टाकलं.

त्याच महिन्यात दुसरं प्रकरण उघड झालं आणि आपल्यासाठी ते जास्त महत्त्वाचं आहे. ओव्हरस्टॉक ही ऑनलाइन विक्री करणारी कंपनी. विद्यापीठांच्या पानांनी लिंक द्यावी म्हणून तिने विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना 10 टक्के सवलत देऊ केली होती. विद्यापीठांच्या लिंका का? कारण विद्यापीठाचं पान सहसा उगाच कुणाला लिंक देत नाही, म्हणून त्याचं मत वजनदार समजलं जायचं. थोडक्यात, शतकभर जपलेली विश्वासार्हता व्हॅक्यूम क्लीनरच्या सवलतीत विकत मागितली जात होती. गूगलने ओव्हरस्टॉकलाही खाली ढकललं; दोनेक महिन्यांनी ती शिक्षा उठली.

पुढे हाच प्रकार शिष्यवृत्तीच्या वेशात आला. एखादी कंपनी छोटीशी शिष्यवृत्ती जाहीर करते, शेकडो महाविद्यालयांच्या कार्यालयांना मेल पाठवते: तुमच्या शिष्यवृत्तीच्या पानावर आमचं नाव टाका. कार्यालयाला वाटतं, मुलांचं भलं होईल. कंपनीला हवी असते ती लिंक. प्रत्येक शिष्यवृत्ती खोटी नसते, पण यादीत टाकण्याआधी मागच्या वर्षी ती कुणाला मिळाली, एवढं तरी विचारायला हवं.

उलटी पत्रं, आणि गाण्यांची साइट

24 एप्रिल 2012 ला गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल लागू केला. गूगलच्याच सांगण्यानुसार इंग्रजीतल्या साधारण 3.1 टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. पेरलेल्या लिंकांचा आता फायदा तर नाहीच, वर तोटा. आणि मग उलटी पत्रं सुटली! ज्यांनी कालपर्यंत “कृपया लिंक द्या” म्हणून मेल पाठवले, तेच आता “कृपया लिंक काढा” म्हणू लागले. काहींनी तर धमक्याही दिल्या. ज्यांच्या पानांवर या लिंका होत्या त्यातले काही जण लिंक काढायचे पैसे मागू लागले. शेवटी ऑक्टोबर 2012 मध्ये गूगलने ‘डिसअवाउ’ची सोय दिली: या लिंका आमच्या नाहीत असं समजा, अशी यादी कंपनीने स्वतःच सादर करायची.

पुढच्याच वर्षी, 2013 च्या डिसेंबरमध्ये, रॅप जीनियस ही गाण्यांच्या शब्दांची साइट पकडली गेली. तिने ब्लॉग लिहिणाऱ्यांना सांगितलं होतं: तुमच्या लेखाच्या शेवटी जस्टिन बीबरच्या गाण्यांच्या आमच्या लिंका चिकटवा, आम्ही तुमचा लेख ट्विटरवर फिरवतो. लेख कशावर आहे, याच्याशी देणंघेणं नाही. मेल मिळालेल्या एकाने तो जाहीर केला. नाताळात साइट स्वतःच्या नावाच्या शोधातूनही गायब झाली. कंपनीने माफी मागितली, लिंका काढायला लावल्या आणि दहाएक दिवसांत परत आली. तेव्हा लहान साइटवाल्यांनी एक रास्त प्रश्न विचारला होता: आम्ही सापडलो असतो तर इतक्या लवकर सुटलो असतो का?

जानेवारी 2014 मध्ये गूगलच्या वेबस्पॅम विभागाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी ‘पाहुणे लेख’ या प्रथेवर टीका करणारी एक नोंद लिहिली. तुमच्याकडे लेख लिहितो, त्यात माझी लिंक असेल, अशी ती प्रथा. नोंदीला निमित्त काय, तर खुद्द त्यांनाच आलेला असा एक मेल, ज्यात लिंकच्या बदल्यात पैसे देऊ केले होते. चोराने फौजदाराच्याच घराचं दार ठोठावलं म्हणा ना. पण यातून एक गोष्ट कळते: मेल पाठवणाऱ्याने, आपण कोणाला लिहितोय हे बघितलंही नव्हतं.

वाईट आउटरीच म्हणजे नक्की काय?

इथवरच्या प्रकरणांतून माझ्या टिपणवहीत चार गोष्टी जमल्या.

पहिली, न वाचता केलेली स्तुती. “तुमचा लेख फार आवडला” हे वाक्य साच्यातलं असतं. नावाच्या आणि लेखाच्या शीर्षकाच्या जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात, यंत्र भरतं. कधी भरायला विसरतं आणि “प्रिय प्रथमनाव” असा मेल येतो.

दुसरी, लपवलेला हेतू. लिंक कुणासाठी, पैसे कोण देतंय, हे सांगितलेलं नसतं. पाठवणारी “वाचक” असते, प्रत्यक्षात एजन्सीची नोकर. तिच्यावर महिन्याला अमुक इतक्या लिंकांचं टार्गेट असतं, त्यामुळे तिचाही सगळा दोष नाही.

तिसरी, पाठपुरावा. उत्तर नाही दिलं तर तीन दिवसांनी “माझा मेल पाहिलात का?”, आठवड्याने पुन्हा. हे पसरलं इतकं की फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले: स्वतःची ओळख तांत्रिकदृष्ट्या पटवा, एका टिचकीत यादीतून बाहेर पडता येऊ द्या, तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवा.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट: खऱ्या गरजेचा वापर. लिंका तुटतात हे खरंच आहे. हार्वर्डच्या अभ्यासकांनी 2013–14 मध्ये पाहिलं तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतल्या जवळपास निम्म्या लिंका मूळ मजकुरापर्यंत पोचत नव्हत्या. हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत हे प्रमाण 70 टक्क्यांच्या वर होतं. तुटलेली लिंक कुणी दाखवून दिली तर ते उपकारच. मला आलेला मेल याच कृतज्ञतेवर जगत होता. लिंक मिळवायची, काही महिने बरं पान ठेवायचं, मग तिथे कर्ज नाही तर जुगार. जुनी, विश्वासू साइट बंद पडली की तिचं नाव विकत घेऊन भलताच मजकूर भरायचा, हा त्याचाच भाऊ. मार्च 2024 च्या गूगलच्या स्पॅम धोरणात त्याचा स्पष्ट उल्लेख आला.

आणि यात एक विनोद आहे. सप्टेंबर 2016 पासून पेंग्विन गूगलच्या मुख्य यंत्रणेचाच भाग झाला आणि अशा लिंकांना शिक्षा करण्यापेक्षा त्या जमेतच न धरण्यावर भर आला. त्याच वर्षी ती हिरवी पट्टीही बंद झाली. म्हणजे हे मेल लिहून मिळवलेल्या कितीतरी लिंका मुळात मोजल्याच जात नाहीत. धंदा मात्र चालू आहे, कारण एजन्सी ग्राहकाला महिनाअखेरीस लिंकांची संख्या दाखवते. मोजमाप मेलं तरी उद्दिष्ट जिवंत!

हे आपल्या दारातही आहे

आता तुम्ही म्हणाल, आम्ही पीएचडीची मुलं, आमचा एसईओशी काय संबंध? तुमचा इनबॉक्स उघडा. “आदरणीय डॉक्टर, आपला अमुक निबंध वाचून आम्ही प्रभावित झालो, आमच्या आंतरराष्ट्रीय जर्नलसाठी आपला लेख सात दिवसांत पाठवा.” तुमची पीएचडी अजून व्हायचीय, पण मेलमध्ये तुम्ही डॉक्टर! साचा तोच: न वाचता स्तुती, लपवलेलं शुल्क, पाठपुरावा, आणि तुमच्या खऱ्या गरजेचा वापर. कारण आपल्यालाही संख्या दाखवायची असते.

याचं मोजमाप पुण्यात झालेलं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक अभ्यास छापला. यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या जर्नल्सपैकी 1,009 त्यांनी निकष लावून तपासली. त्यातली 88 टक्क्यांहून जास्त निकषांत बसली नाहीत. यानंतर ‘केअर’ यादी आली, तिचं कामही पुण्यातूनच चालायचं; 2025 मध्ये यूजीसीने तीही बंद केली आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणजे शेवटी तुमच्यामाझ्यावरच.

पैसे देऊन सायटेशन, एकमेकांचे संदर्भ देणारे गट, “माझे दोन निबंध तुमच्या संदर्भांत घाला” असं सुचवणारा परीक्षक: हे सगळं लिंक एक्सचेंजच आहे. पेजने कल्पना सायटेशनवरून घेतली होती. रोगही दोन्हीकडे एकच.

मग करायचं काय?

मी स्वतःला घालून घेतलेले नियम सांगते. कुणी सुचवलेला संदर्भ पूर्ण वाचल्याशिवाय द्यायचा नाही, मग सुचवणारा अनोळखी असो की गाइड. आकडा घ्यायचा तर मूळ साधनातून. तुटलेली लिंक दिसली तर आधी वेबॅक मशीनवर जुनी प्रत शोधायची, आणि तीच द्यायची. विषयाशी संबंध नसलेल्या माणसाने लिंक मागितली तर एकच प्रश्न विचारायचा: हे तुम्ही कुणासाठी करताय? माझा अनुभव असा की नव्वद टक्के पत्रव्यवहार तिथेच संपतो.

आणि तुम्ही स्वतः अनोळखी अभ्यासकाला लिहाल तेव्हा, कारण लिहावं लागणारच आहे, अडेअर यांचं पत्र आठवा. त्यांचं काय वाचलं, ते नेमकं लिहा. तुम्ही कोण आणि काय हवंय, ते पहिल्या चार ओळींत सांगा. “नाही” म्हणायला जागा ठेवा. एकदा आठवण करा, तीनदा नको.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक शेवटचं. हे मेल कुणी जपून ठेवत नाही, स्पॅममध्ये जातात आणि तीस दिवसांत पुसले जातात. मला या लेखासाठी बातम्या, कोर्टाचा निकाल, गूगलच्या जाहीर नोंदी आणि मार्गदर्शक तत्त्वांच्या जुन्या प्रती यांवर भागवावं लागलं. प्रत्यक्ष पत्रं फार थोडी सापडली. मी आता मला येणारे असे मेल तारखेसह, पाठवणाऱ्याचं नाव झाकून, एका फोल्डरमध्ये ठेवते. तुम्हीही ठेवा. वीस वर्षांनी कुणाच्या तरी प्रबंधाला लागतील.

त्या ज्युनिअरचा सिनॉप्सिस मंजूर झाला, मूळ अहवालातल्या आकड्यासह. माझ्या त्या लेखातली लिंक मी काढली आणि खाली तळटीप टाकली: ‘इथे आधी दिलेला दुवा मी न पारखता दिला होता. त्यावरून कुणी आकडा घेतला असेल तर कृपया मूळ अहवाल पाहावा.’ लिहिताना जरा लाज वाटली. पण तळटीप असते तीच त्यासाठी.